उरक

सकाळी जाग आली की मी आधी मूठ मिटून पाहते. मिटत नाही. बोटं तळहाताला टेकायला तास-सव्वा तास लागतो. कोमट पाण्यात हात बुडवून बसलं तर थोडं लवकर. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते, आणि रात्रभराच्या विश्रांतीनंतर सांधे आखडतात.

आमच्या घरात बाईचं कौतुक एकाच शब्दात व्हायचं. ‘हिला उरक दांडगा!’ सासूबाईंनी तो शब्द मला दिला आणि मी तो आयुष्यभर मिरवला. साडेसातच्या आत डबे, पूजा, पाणी भरणं. चतुर्थीला एका बैठकीत पन्नास मोदक. बोटं सुजली तेव्हा ठणक्यापेक्षा जास्त लागलं ते हे, की उरक गेल्यावर स्वतःसाठी माझ्याकडे दुसरा शब्दच नव्हता.

चित्रकार रेन्वार यांना हाच आजार होता. पन्नाशीच्या सुमारास जडला, पुढे चाकांच्या खुर्चीत बसवलं, तरी १९१९ साली जाईपर्यंत ते रंगवत राहिले. कुंचला हाताला बांधून घेत, असं सांगतात. पण हातावरच्या पट्ट्या होत्या त्या वाकलेल्या बोटांनी तळहाताची कातडी सोलवटू नये म्हणून. कुंचला दुसरं कुणीतरी बोटांत ठेवून देई. त्यांच्या जिद्दीचं कौतुक सगळेच करतात. मी थांबते ती या ‘ठेवून दे’पाशी. किती वेळा म्हणावं लागलं असेल ते!

‘बरणीचं झाकण उघडून दे गं’ म्हणायला मला दोन वर्षं लागली. तोवर दाराच्या फटीत झाकण अडकवून मी बरणी फिरवायची आणि रात्री मनगट धरून बसायची. आता सांगते. शनिवारी रात्री मेथोट्रेक्सेट हे औषध असतं, आठवड्यातून एकदाच. रविवारी मळमळतं, म्हणून रविवारी पाहुणे नकोत, हेही सांगते. काहींना ते आवडत नाही, त्याचं वाईट वाटतं.

यंदा सुनेनं उकड मळली. मी पाच मोदक वळले. पाऊण तास लागला. कळ्या पाडताना एकेक कळी नीट पाहिली. पन्नासांच्या घाईत ती कधी दिसलीच नव्हती.

साडेसात होत आलेत. करंगळी आत्ता तळहाताला टेकली. चहाचं आधण मी ठेवते. पातेलं उतरवायला सूनबाईला हाक मारीन.