समाधानी आहात का?

चंडीगढच्या सेक्टर १७ मध्ये लोक राहायला येत नाहीत, फिरायला येतात. ल कॉर्ब्युझिएच्या आराखड्यातले हे शहराचे केंद्र: दुकाने, बँका, कारंजी, नीलम सिनेमा आणि गाड्यांना मज्जाव असलेली फरसबंदी. सेक्टर १४ मधल्या पंजाब विद्यापीठात शिकणारा परदेशी विद्यार्थी संध्याकाळी इथे येऊन बसला, तर बसण्यासाठी त्याला कुणाची परवानगी लागत नाही. देश कोणता, धर्म कोणता, खाता काय, हे प्रश्न खोली शोधताना येतात.

परदेशी विद्यार्थ्यांना प्रश्नावलीत विचारतात: निवासाबाबत समाधानी आहात का? प्रश्न सरळ आहे, पण उत्तर फसवे असू शकते. दहा दारांवरून परतलेला माणूस अकराव्या दारामागची कोंदट खोलीही समाधानाने स्वीकारतो. वंचनेत माणूस आपल्या इच्छाच आखडत्या घेतो, म्हणून समाधानावरून त्याची स्थिती मोजता येत नाही, असे अमर्त्य सेन सांगतात.

बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्क-लंडनला शिकून १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला आले. परदेशात राहून अस्पृश्यतेची जाणीव मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिले आहे. बडोद्यात जागा मिळेना. अखेर पारशी नाव घेऊन ते पारशांच्या विश्रामगृहात राहिले. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, शेजारी अडगळीने भरलेले दालन, अंधार, बोलायला कुणी नाही. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले. आठवडाभराची मुदत मागूनही मिळाली नाही. दोन मित्रांनीही घरात घेतले नाही. रात्रीच्या गाडीपर्यंतचे पाच तास त्यांनी कमाटी बागेत काढले. ती जागा कोठडीहून बरी नव्हती, तरी आपल्याला मोलाची होती, असे ते लिहितात.

आदल्या दिवशी कुणी त्यांना ‘समाधानी आहात का?’ असे विचारले असते, तर? खोलीबद्दल तक्रार करणे म्हणजे तीही गमावण्याचा धोका पत्करणे. त्या ‘हो’ला समाधान कसे म्हणायचे? ती भीतीच असते.

सार्वजनिक बाग आणि चौक माणसाला बसू देतात, ही लहान गोष्ट नाही. पण रात्र झाली की दारच लागते, आणि दार कुणाचे तरी खाजगी असते. म्हणून भाडेकरूला विचारायचेच असेल, तर हे विचारावे: नळ बिघडला, तर घर जाईल या भीतीशिवाय तुम्ही बोलू शकता का? आणि दुसरी प्रश्नावली घरमालकांना द्यावी. तिच्यात प्रश्न एकच: गेल्या वर्षी तुम्ही खोली कुणाला नाकारलीत, आणि का?