समदृष्टी आणि वेगळी बैठक

सर्वांभूती एकच आत्मा मानणाऱ्याने एका वर्णाच्या नावाने भरलेली बैठक योग्य म्हणावी काय? ज्यांची नातवंडे अमेरिकेत संगणकविद्या शिकत आहेत, अशा श्रोत्यांकडून ही शंका हल्ली आम्हांस येते. तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थी स्वतःच्या पुढाकाराने हॅकेथॉन भरवितात. ‘विद्येला रंग कशाला?’ असे आपली मुले विचारतात. प्रश्न वरवर सरळ दिसतो, पण आत गाठ आहे.

हॅकेथॉन म्हणजे काय ते आधी सांगू. हॅक शब्दाने चोरी आठवते, पण येथे तसे काही नाही हो. विद्यार्थी चोवीस-छत्तीस तास एके ठिकाणी बसतात, चौघा-पाचांचे गट करतात आणि संगणकावर एखादे उपयोगी काम उभे करून परीक्षकांपुढे मांडतात. रात्रभर जागर, कोपऱ्यात पथारी. सप्ताहात पहारा दिलेल्यांना अधिक सांगणे नलगे. २००९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी पेनॅप्स नावाचा असा मेळा सुरू केला, आणि पुढे ही चाल तेथील विद्यापीठांतून पसरली. नोकरी देणारेही तेथे येतात.

आता गट जमतो कसा? जो तो आपल्या ओळखीचा सोबती धरतो. कृष्णवर्णीय मुलगा वर्गात एकटादुकटा असला, तर त्याला कोणी हाकलीत नाही, पण कोणी हाकही मारीत नाही. नियमांच्या पुस्तकात हा अन्याय शोधून सापडायचा नाही. पर्ड्यू विद्यापीठातील कृष्णवर्णीय अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी १९७१ साली आपला संघ काढला, तो नवी मुले यावीत आणि आलेली टिकावीत म्हणून. १९७५ च्या एप्रिलात तेथेच ३२ विद्यालयांचे ४८ विद्यार्थी जमले आणि त्यातून देशव्यापी संस्था झाली. तिच्या अधिवेशनांतही हॅकेथॉन होऊ लागले. सभासद मात्र कोणत्याही वर्णाच्या माणसाला होता येते, हे ध्यानात घ्यावे.

यावर पूर्वपक्ष असा, की भेद जर मिथ्या, तर त्याचे नाव तरी का घ्यावे? बरे, परमार्थदृष्टीने भेद नाही, हे आम्हीही सांगतो. पण व्यवहारात पायात मोडलेला काटा मिथ्या म्हटल्याने निघत नाही. दुसरा काटा हाती घ्यावा लागतो. त्या दुसऱ्या काट्याचा लोभ जडण्याची भीती असते, ती आम्ही खोटी म्हणत नाही. २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठप्रवेशात वर्ण विचारात घेण्यास प्रतिबंध केला, त्यामागे असाच काहीसा विचार आहे. तथापि आतून कडी घालणारे वेगळेपण निराळे, आणि बाहेर राहिलेल्यांनी अंगणात एकत्र बसणे निराळे. चोखोबांची पायरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा फरक सांगावा लागू नये.

यंत्राला रागद्वेष नाही, मग ते कोणी का घडवीना, असेही कित्येक म्हणतात. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जॉय बुओलाम्विनी या कृष्णवर्णीय विदुषीचा चेहरा यंत्राला दिसेना. तिने पांढरा मुखवटा चढविला, तेव्हा दिसला! पुढे २०१८ साली तिने व टिम्निट गेब्रू यांनी तीन कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा, एवढेच यंत्राने सांगायचे. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शेकडा ०.८ च्या वर गेली नाही. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ पर्यंत गेली. अशा यंत्रांच्या परीक्षेसाठी वापरात असलेल्या दोन प्रसिद्ध चित्रसंग्रहांत गोरे चेहरेच फार होते, असेही त्यांना आढळले. यंत्र जड खरे, पण घडविणाऱ्याच्या नजरेतून जे सुटले, ते त्याच्याही नजरेतून सुटते. म्हणून घडविताना कोण बसले आहे, हा प्रश्न केवळ पोटापाण्याचा राहत नाही.

आणि विद्येला रंग नको म्हणणाऱ्या आपल्या मुलांनी आणखी एक जुनी हकीकत ऐकावी. १९४६ च्या कायद्याने हिंदुस्थानातून वर्षाला अवघ्या १०० जणांना अमेरिकेत वसण्याची मुभा होती. देश पाहून माणसे मोजण्याची ही रीत १९६५ च्या कायद्याने मोडली. त्याच्या आदल्याच वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला होता. त्या हक्कांसाठी ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला, त्यांच्याच समाजाची मुले आज ही बैठक भरवीत आहेत.