उंचीवरून पाहताना

शास्त्रपाठ : मत्तय ४:८-११, अनुवाद ३४:१-७, लूक १९:४१-४४



उन्हाळ्याची सुटी लागली की आपल्या लोकांची पावले समुद्राकडे वळतात. बंगळूरच्या बनशंकरी भागात राहणारी मराठी ख्रिस्ती कुटुंबे घ्या. त्यांची वस्ती समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर. भरतीचा आवाज तेथे कोणाच्या कानी पडत नाही. तरी वर्षातून एकदा मुलाबाळांसह कोकण गाठावे, समुद्र डोळे भरून पाहावा, ही ओढ पुण्यामुंबईच्या किंवा नागपूरच्या कुटुंबाइतकीच त्यांनाही असते. कित्येक मंडळ्यांच्या सहलीही याच वाटेने जातात. आणि या वाटेवर रत्नागिरी हे गाव बहुधा येतेच.

रत्नागिरीला देवाने सौंदर्य देताना हात आखडता घेतलेला नाही. घोड्याच्या नालेसारखा आकार असलेला रत्नदुर्ग तीन बाजूंनी समुद्रात शिरला आहे. त्याच्या तटावर उभे राहिले की एकीकडे अथांग अरबी समुद्र आणि दुसरीकडे मिरकरवाडा बंदरातील होड्यांची गर्दी दिसते. एकाच गावात मांडवीची काळी वाळू आहे आणि पांढऱ्या समुद्राची पांढरी वाळूही आहे. गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी रस्त्यावर आरे-वारे येथे घाटाचे एक वळण असे आहे की तेथून दोन्ही किनारे एका दृष्टिक्षेपात येतात. थिबा पॉइंटवरून काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळताना दिसते, आणि सायंकाळी त्या पाण्यावर सोने पसरते.

असे काही पाहून आनंद होणे हे पाप नव्हे. स्तोत्रकर्ता समुद्राकडे बोट दाखवून तो कोणाचा आहे आणि कोणी घडविला हे मोठ्या आनंदाने सांगतो (स्तोत्र ९५:५). आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतही निसर्गावरील प्रीती आणि देवावरील प्रीती हातात हात घालून चालत आल्या आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना महाराष्ट्र फुलामुलांचा कवी म्हणून ओळखतो. त्यांचा जन्म १८६१ मध्ये याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. ज्या मातीने असा भक्त दिला त्या मातीचे सौंदर्य आपण संकोचाने का पाहावे?

परंतु उंचीवर उभे राहून पाहणे ही वाटते तेवढी साधी गोष्ट नाही. पवित्र शास्त्रात तीन उंच स्थळे अशी आहेत की जेथून कोणीतरी खाली दूरवर पाहिले. पाहणे तिन्ही ठिकाणी होते. पण पाहण्याचा हेतू आणि त्याचा शेवट वेगवेगळा झाला. त्या तीन डोंगरांवर आज क्रमाने चढून जाऊ या.

पहिला डोंगर : मिळविण्यासाठी पाहणे

चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान प्रभू येशूला एका अतिशय उंच पर्वतावर नेतो आणि जगातील सर्व राज्ये व त्यांचे वैभव दाखवितो. लूक एक सूक्ष्म गोष्ट नमूद करतो : हे सारे त्याने एका क्षणात दाखविले (लूक ४:५). सैतानाला घाईच असते. माणसाने सावकाश पाहिले तर त्या राज्यांतील विधवेचे घर दिसेल, मजुराची पाठ दिसेल, आजाऱ्याची खाट दिसेल. तितक्या उंचीवरून आणि तितक्या घाईने केवळ वैभव दिसते, माणसे दिसत नाहीत. मग सैतान म्हणतो की हे सर्व तुझे होईल. फक्त गुडघे टेक.

हा मोह फार जुना, तरी त्याचे बोल आजही ताजे आहेत. कोकणातील किनाऱ्यालगतच्या उंच, सपाट कातळांना तेथील लोक सडा म्हणतात. समुद्र दिसणारी अशी जमीन आज शहरांतून जाहिराती देऊन विकली जाते. हा देखावा तुमच्या मालकीचा होईल, असे त्या जाहिरातीचे आश्वासन असते. प्रामाणिक कष्टाच्या पैशाने घर बांधणे यात दोष नाही. प्रश्न असा आहे की, सुंदर वस्तू दिसताच ती माझी कशी होईल हाच विचार मनात प्रथम का यावा?

त्याच सड्यांवर, पायांखाली, आणखी काही आहे. हजारो वर्षांपूर्वी कोणा अनाम माणसांनी जांभ्या दगडाच्या कातळावर हत्ती, मासे, हरणे आणि मानवी आकृती कोरून ठेवल्या. राजापूर तालुक्यातील कशेळी येथे सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती असून त्याच्या देहात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत अशी हजाराहून अधिक कातळशिल्पे आढळली आहेत, आणि २०२२ मध्ये त्यांतील निवडक स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. त्यांचा शोध घेण्यासाठी स्थानिक अभ्यासकांनी वर्षानुवर्षे हे सडे पायी तुडविले. गावकऱ्यांच्या नित्याच्या वाटा त्यांवरून जात होत्या; त्यांचे मोल मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. रस्ता, चिरेखाण किंवा बांधकाम यांत एखादे शिल्प एका दुपारी नष्ट होऊ शकते. क्षितिजावर डोळा ठेवून चालणाऱ्याला आपला पाय कशावर पडला आहे हे कळतच नाही.

परमेश्वराने इस्राएलास बजावले होते की भूमी माझी आहे, तुम्ही तिच्यावर उपरे आणि पाहुणे आहात (लेवीय २५:२३). पाहुण्याने घरातील वस्तूंचे कौतुक करावे. त्या उचलून नेऊ नयेत आणि मोडूही नयेत. प्रभूने त्या पर्वतावर उपासना केवळ देवाची, एवढेच उत्तर दिले. जे पित्याचे आहे ते बळकाविण्याची पुत्राला गरज नव्हती.

दुसरा डोंगर : निरोप घेण्यासाठी पाहणे

दुसरा डोंगर नबो. एकशे वीस वर्षांचा मोशे त्याच्या शिखरावर एकटा चढतो. परमेश्वर त्याला गिलादापासून दानापर्यंतचा प्रदेश दाखवितो, यहूदाची भूमी पश्चिम समुद्रापर्यंत दाखवितो, खजुरीच्या झाडांचे नगर यरीहो दाखवितो. दृष्टी शाबूत, अंगात तेज शिल्लक. परंतु यार्देन ओलांडण्याची आज्ञा नाही. जे चाळीस वर्षे स्वप्नात पाहिले ते प्रत्यक्ष पाहून तेथेच देह ठेवावयाचा.

रत्नागिरीतील एका वास्तूजवळ उभे राहिले की मोशेची आठवण होते. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले, आणि १८८६ मध्ये त्याला कुटुंबासह रत्नागिरीस आणून ठेवले. अनेक वर्षे भाड्याच्या बंगल्यांत काढल्यावर १९१० मध्ये त्याच्यासाठी खाडीच्या वरच्या अंगाला, नक्षीदार लाकडी खिडक्यांचा तीन मजली राजवाडा उभा राहिला. त्या राजवाड्यात तो जेमतेम सहा वर्षे राहिला आणि १९१६ मध्ये परक्या मातीतच त्याचा अंत झाला. आज पर्यटक त्या परिसरातून दिसणाऱ्या सूर्यास्ताची वाखाणणी करतात. तीच खाडी, तेच पाणी तो पदच्युत राजाही तीस वर्षे पाहत होता. देखावा तोच असतो. पाहणाऱ्याच्या उरात काय आहे यावर तो आनंद देतो की जखम उघडतो हे ठरते.

वाचकहो, आपल्यातही नबोवर उभी असलेली माणसे आहेत. पोटासाठी गाव सोडून दूरच्या शहरी स्थायिक झालेल्यांची वडिलोपार्जित घरे कुलूपबंद आहेत. वृद्ध आईवडील सुटीत एकदा तेथे जातात, अंगण झाडतात, कबरस्तानात फुले ठेवतात आणि परत फिरताना मागे वळून पाहतात. हे पाहणे कदाचित अखेरचे असेल, हे कोणी बोलून दाखवीत नाही. त्यांना मोशेचे मरण काय सांगते? हेच की, हातून सुटणारी भूमीसुद्धा देव प्रेमाने दाखवितो. मोशे त्या क्षणी एकटा नव्हता. दाखविणारा त्याच्याजवळ उभा होता. थिबाचे राज्य बळाने हिसकावून घेतले गेले. मोशेने मात्र आपले स्वप्न देवाच्या हाती परत दिले आणि यहोशवाच्या हाती लोक सोपविले. जे आपल्याला मिळाले नाही ते दुसऱ्यांना मिळणार याबद्दल आभार मानणे हे विश्वासाचे फार वरचे पाऊल आहे.

तिसरा डोंगर : खाली उतरण्यासाठी पाहणे

तिसरा डोंगर जैतुनांचा. झावळ्यांच्या त्या दिवशी प्रभू उतारावरून येत आहे, लोक जयघोष करीत आहेत, आणि वळणावर यरुशलेम नगर दृष्टीस पडते. मंदिराच्या त्या देखाव्याने शिष्य हरखून जात असत (मार्क १३:१). प्रभू मात्र ते नगर पाहून रडला. इतरांना भिंती दिसल्या. त्याला भिंतींआडची माणसे दिसली, आणि त्यांच्यावर येणारा दिवसही दिसला. सुमारे चाळीस वर्षांनी, इसवी सन ७० मध्ये, रोमी सैन्याने ते नगर उद्ध्वस्त केले. त्या उतारावर १९५५ मध्ये अश्रूच्या थेंबाच्या आकाराचे एक लहान मंदिर बांधून पूर्ण झाले. त्याच्या खिडकीतून आजही समोर नगर दिसते.

परंतु तो रडून तेथेच थांबला नाही. अश्रू पुसून तो खाली उतरला आणि त्या नगरात गेला. पहिल्या डोंगरावर जी राज्ये त्याला फुकट देऊ केली होती, त्यांच्यासाठी त्याने खाली उतरून आपले रक्त दिले. ख्रिस्ताचे पाहणे आणि जगाचे पाहणे यांतील भेद येथे आहे : जग पाहून परत जाते, ख्रिस्त पाहून उतरतो.

आपणही रत्नागिरीच्या उंचीवरून उतरून पाहावे. वरून शोभेच्या वाटणाऱ्या होड्यांवर खारवी, भंडारी, दालदी मुसलमान अशा समाजांची कुटुंबे जगतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे दोन महिने यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तेव्हा जाळी विणीत आणि हिशेब जुळवीत दिवस काढावे लागतात. प्रभूने याकोब व योहान यांना हाक मारली तेव्हा तेही जाळीच नीट करीत होते (मार्क १:१९). त्या हातांशी दोन शब्द बोलल्याशिवाय आपण केवळ होड्यांची छायाचित्रे घेऊन परतावे काय?

तसेच पाण्याचे. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, कित्येकदा त्याहून अधिक पाऊस पडतो. तरीही चैत्र-वैशाखात उंचावरील वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र. पाणी मुरते, झिरपते आणि समुद्राला मिळते. हौसेने गेलेला पाहुणा नेमका याच महिन्यांत पोहोचतो आणि नळ उघडा ठेवतो. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा सहलीच्या दिवसांपुरती स्थगित होत नाही. मंडळीची सहल निघण्यापूर्वी पाळकांनी व वडीलजनांनी एवढे ठरवावे : पाणी जपून वापरू, आपला कचरा आपल्याबरोबर परत आणू, कोरीव कातळावर पाय ठेवणार नाही, आणि ज्या गावी जाऊ तेथील एखाद्या कुटुंबाची विचारपूस केल्यावाचून निघणार नाही. उपदेश लहान वाटेल. पण अशा लहान गोष्टींतूनच पाहुण्याची ओळख पटते.

आणि सुटी संपून घरी परतलेल्यांचे काय? बनशंकरीच्या रहिवाशांनाही देवाने एक डोंगर दिला आहे. सहाव्या टप्प्याला लागून तुरहळ्ळीचे रान आहे. त्याच्या खडकावर चढले की दक्षिण बंगळूरची वस्ती नजरेत येते. हे रान नागरिकांच्या जागरूकतेमुळे जपले जात आहे. २०२१ मध्ये तेथे वृक्षोद्यान बांधण्याच्या योजनेला लोकांनी विरोध केला होता. त्या खडकावरून समुद्र दिसत नाही, हे खरे. पण शहराच्या या बाजूने वाहणारी वृषभावती, जी आज सांडपाण्याने काळवंडली आहे, ती अर्कावतीला मिळते, अर्कावती कावेरीला आणि कावेरी बंगालच्या उपसागराला. आपल्या मोरीतून जे वाहते ते शेवटी कोठे पोहोचते याचा विचार केला तर समुद्र आपल्या उंबरठ्यापाशीच आहे.

त्या खडकावर उभे राहून खालच्या शहराकडे आपण कोणत्या डोळ्यांनी पाहणार? कोठे भूखंड मिळेल हे शोधणाऱ्या? आपले गाव सुटले म्हणून खंत करणाऱ्या? की प्रभूसारखे, ज्याला दिव्यांच्या गर्दीत बांधकामावरचा मजूर, वसतिगृहातील एकाकी विद्यार्थी, बंद दाराआडची वृद्धा दिसते? ज्या नगराने त्याला वधस्तंभ दिला त्या नगरासाठी तो रडला. आपल्या नगराने आपल्याला अन्न दिले आहे. त्याच्यासाठी आपण निदान गुडघे टेकावेत आणि मग उतरावे.

प्रार्थना : हे प्रभू, समुद्र व डोंगर निर्माण करणाऱ्या पित्या, आमचे डोळे शुद्ध कर. जे सुंदर आहे ते बळकाविण्याची वासना आमच्यातून काढून टाक. जे आमच्या हातून सुटत आहे ते तुझ्या हाती सोपविण्याचे धैर्य दे. आणि उंचीवर नेशील तेव्हा आम्हांला तेथेच रमू देऊ नकोस; तुझ्या पुत्राच्या मागे, माणसांच्या वस्तीत खाली उतरण्याची कृपा कर. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.