आपल्या घरासमोरचा कोट

शास्त्रपाठ : नहेम्या १:१-४ व अध्याय ३



यरुशलेमेचा कोट पडला आहे हे ऐकून नहेम्या खाली बसून रडला. कित्येक दिवस त्याने शोक, उपास व प्रार्थना यांत घालविले. रडणे म्हणजे विश्वासाची उणीव, असे पुष्कळ भाविक समजतात. शास्त्र तसे म्हणत नाही. त्या प्रार्थनेतूनच त्याच्या मनात एक हेतु उत्पन्न झाला, आणि त्याने राजाजवळ जाण्याची परवानगी व लाकडे मागितली. तिसरा अध्याय नुसत्या नावांचा म्हणून आपण गाळतो. परंतु त्यात सोनार आहेत, अत्तरे करणारे आहेत, शल्लूमाच्या कन्या आहेत, आणि कित्येकांनी आपापल्या घरासमोरचाच भाग बांधला. ५२ दिवसांत कोट पुरा झाला.

आपल्या धाराशिव जिल्ह्यास हा अध्याय परका नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर, लोहारा या भागांत दगडमातीची घरे निजलेल्या माणसांवर कोसळली. पुढे शेकडो गावांत घरधन्यांनीच सरकारी साहाय्याने आपल्या भिंती दुरुस्त व बळकट करून घेतल्या. गेलेली माणसे परत आली नाहीत; तरी सकाळी उठावयास काही कारण होते.

पीक गेले, कर्ज उरले, म्हणून जो ओसरीवर मुका बसून आहे, त्यास उपदेश करू नका. प्रथम त्याच्याजवळ बसा. जीव नकोसा झाला असे तो बोलला, तर त्यास एकटा सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मग त्याच्या हाताजोगे काम काढा: उपासनामंदिराचे कवाड, वाकळ, मुलांकरिता नवे गीत. सबंध कोट त्याच्यापुढे मांडू नका. एका दिवसात होईल एवढेच द्या.