विकणाऱ्याचे मौन

बेळगावाहून बागलकोटच्या रस्त्याने निघाले म्हणजे सुमारे दहा किलोमीटरांवर सांबरा हे गाव लागते. १९४२ साली ब्रिटिशांच्या हवाई दलासाठी येथे धावपट्टी बांधली गेली. आज तेथे बेळगावचा विमानतळ आहे आणि वायुसैनिकांची प्रशिक्षण संस्थाही आहे. या रस्त्यालगत माझे एक स्नेही जुन्या मोटारगाड्यांच्या खरेदी-विक्रीचा लहानसा व्यवसाय करतात. आठ-दहा गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, वर पत्र्याचे छप्पर, एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर कुलदेवतेची तसबीर, एवढाच त्यांचा पसारा. त्यांच्या अनुमतीने, परंतु नाव व इतर खुणा गाळून, त्यांची एक हकीकत मी येथे सांगणार आहे. तिच्यातून जो प्रश्न उभा राहतो तो केवळ मोटारींपुरता नाही, असे मला वाटते.

या धंद्यातील रोजचा त्रास ऐकला म्हणजे वकिली फार सुखाची वाटू लागते. सकाळी गिऱ्हाईक दारात उभे असावे आणि नेमकी त्याच गाडीची बॅटरी उतरलेली असावी, हे ठरलेलेच. ज्याला गाडी घ्यावयाची नाही तोही जाता जाता एक फेरी मारून येतो. ज्याने दर ठरवून हातावर हात मारला, तो संध्याकाळी मेहुण्याला आणि दुसऱ्या दिवशी मेस्त्रीला घेऊन येतो. मेस्त्री बॉनेट उघडतो, आत पाहतो आणि काही न बोलता नुसती मान हलवतो. त्या मान हलवण्याची किंमत पाच हजार रुपये! त्यात हा सीमाभाग. निपाणी ओलांडली की महाराष्ट्र आणि घाट उतरला की गोवा. कोल्हापूरची किंवा पणजीची गाडी घेतली की ना-हरकत दाखला आणावा लागतो आणि कर्नाटकाचा आजीव कर भरावा लागतो. परराज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ येथे ठेवल्यास नवी नोंदणी करून घेणे कायद्याने प्राप्तच आहे. सह्या केलेले कागद घेऊन गेलेले गिऱ्हाईक ते कार्यालयात दाखलच करीत नाही आणि गाडी मूळ मालकाच्याच नावावर फिरत राहते. अशा गाडीला अपघात झाल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणी ज्याच्या नावे आहे त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. या गोंधळावर उपाय म्हणून १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना अधिकृत परवानगी देणारे नियम लागू झाले आहेत. कागदांची संख्या मात्र त्यामुळे वाढली, असे आमच्या स्नेह्यांचे मत आहे.

परंतु या साऱ्यापेक्षा त्यांना सलणारी गोष्ट निराळी होती. ते एकदा म्हणाले, "वकीलसाहेब, मी खोटे बोललो तर लोक मानायचे तेवढेच मानतात, आणि खरे बोललो तरी तेवढेच. मग खरे बोलण्याचा खर्च मी का सोसावा?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीवर संशय धरतो आणि त्या संशयाइतका दर उतरवतो. उतरलेल्या दरात चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. मागे वाईट उरतात, संशय वाढतो आणि दर आणखी उतरतो. अमेरिकेतील बोलीत फसव्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. आपल्याकडे गाडीची पूजा करताना चाकाखाली लिंबू ठेवतात; तिकडचे लिंबू गाडीच्या आतच असते!

आता ती हकीकत. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव जिल्ह्यांत महापूर आला आणि पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, हे वाचकांच्या स्मरणात असेल. त्या पुरात कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पुरातली गाडी वाळवून, धुऊन, आसनांवर नवी आवरणे चढवून पुन्हा देखणी करता येते. परंतु तारांच्या जोडांत शिरलेला ओलावा आपले काम सावकाश करीत राहतो. महिन्यांनी गंज वर येतो. मग दिवे मध्येच विझतात, इंजिन बंद पडते, आणि अपघाताच्या क्षणी फुगावयाची हवेची पिशवी फुगेलच याची खात्री राहत नाही. अशी एक गाडी आमच्या स्नेह्यांकडे आली. पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहताच त्यावरची गाळाची रेघ त्यांना दिसली. गाडी त्यांनी स्वस्तात घेतली.

त्याच आठवड्यात तिला दोन गिऱ्हाइके आली. पहिले गृहस्थ त्यांच्याच देवस्थानचे. पालखीला दोघे एकत्र खांदा देतात. स्नेह्यांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितले, "ही नको. पुरात होती." दुसरे गिऱ्हाईक बागलकोटच्या रस्त्यावरील एका खेड्यातले कन्नड भाषिक शेतकरी. त्यांनी गाडी पाहिली, चालवली, पुराविषयी काही विचारले नाही. स्नेह्यांनीही काही सांगितले नाही. चार महिन्यांनी रात्रीच्या प्रवासात गाडी अंधारात बंद पडली. आत त्या गृहस्थांची पत्नी आणि दोन मुले होती. दैवाने कोणास इजा झाली नाही. पुढे वकिलाची नोटीस आली आणि ती घेऊन स्नेही माझ्याकडे आले. त्यांचे पहिलेच वाक्य होते, "मी एक शब्दही खोटा बोललेलो नाही."

वकील म्हणून मी पुस्तक उघडले. आपला कराराचा कायदा १८७२ सालचा. त्याच्या सतराव्या कलमात कपट म्हणजे काय ते सांगितले आहे आणि नुसते मौन हे सामान्यतः कपट नव्हे, असेही म्हटले आहे. दाखला घोड्याचा आहे: घोडा सदोष आहे हे ठाऊक असून एकाने तो लिलावात विकला व काही बोलला नाही, तर ते कपट नाही. पुढे एकोणिसाव्या कलमात असेही आहे की सामान्य दक्षतेने ज्याला सत्य कळून आले असते, त्याला विक्रेत्याच्या मौनाकडे बोट दाखवून करार मोडता येत नाही. स्नेह्यांचा चेहरा उजळला. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा मालाच्या गुणवत्तेची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानतो आणि व्यापारी म्हणून तुम्हांस तो सहज सोडणार नाही, हेही मी त्यांना सांगितले. तरी बाजू अगदीच लंगडी नव्हती.

परंतु त्याच सतराव्या कलमाखाली घोड्याचाच दुसरा दाखला आहे आणि तो वाचताना मी थबकलो. घोडा विकत घेणारी जर विक्रेत्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच दोष सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. म्हणजे घोडा तोच, दोष तोच, मौनही तेच. समोर परका असेल तर तो व्यवहार आणि मुलगी असेल तर ते कपट! मी पुस्तक मिटून स्नेह्यांना विचारले, "पहिल्या गृहस्थांना तुम्ही का सांगितलेत?" ते म्हणाले, "अहो, ते आपले."

माझ्या मते सारा नैतिक प्रश्न या तीन शब्दांत साठलेला आहे. दोष सांगणे योग्य आहे हे आमच्या स्नेह्यांना ठाऊक नव्हते असे नाही. त्यांना ते इतके पक्के ठाऊक होते की न विचारता त्यांनी ते केले. फक्त त्या धर्माची हद्द त्यांनी देवळाच्या आवारापाशी आखली होती. आणि ही हद्द आखणारे ते एकटे नाहीत. आपल्या समाजात एकमेकांच्या मुलांच्या शिक्षणाला हात देणारी, संकटात रात्री धावून येणारी माणसे मी पाहिली आहेत. तीच माणसे परक्याशी सौदा करताना "त्याने पाहून घ्यावयास हवे होते" असे सहज म्हणतात. या सीमाभागात तर 'आपला' आणि 'त्यांचा' या शब्दांना भाषेचीही धार आहे.

कोणी म्हणेल, व्यापार म्हणजे नातेसंबंध नव्हे. सर्व काही सांगत बसलो तर दुकान बंद करावे लागेल. हा आक्षेप जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली सिसेरो या रोमन वकिलाने कर्तव्यावरील आपल्या ग्रंथात त्याची चर्चा केली आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी धान्य घेऊन येतो. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते सांगावे काय? डायोजिनीस हा तत्त्वज्ञ म्हणतो, कायदा सांगेल तेवढे दोष सांगावेत, बाकी न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सर्व सांगावे. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूचा आहे, पण त्याने आखलेली रेषा मोठी मार्मिक आहे: नुसते न बोलणे म्हणजे लपविणे नव्हे, ज्याला कळणे त्याच्या हिताचे आहे, त्याला आपल्या लाभासाठी ते कळू नये अशी इच्छा धरणे म्हणजे लपविणे.

आपली परंपराही या बाबतीत मुकी नाही. दोष झाकलेला माल विकू नये असे मनुस्मृतीत सांगितले आहे, आणि खरेदी-विक्रीचा पश्चात्ताप झालेल्याला दहा दिवसांची मुदत दिली आहे. याज्ञवल्क्य स्मृतीने तर वस्तूपरत्वे परीक्षेचा काळच ठरविला: बियाण्याला दहा दिवस, रत्नांना सात, ओझ्याच्या जनावरांना पाच, दुभत्यांना तीन. ओझ्याचे जनावर म्हणजे त्या काळची मोटारच. बैल बशा आहे की मारका हे बाजारात कळत नाही, शेतात कळते, हे स्मृतिकारांना माहीत होते. म्हणून घेणाऱ्याच्या अज्ञानाचा भार त्यांनी एकट्या घेणाऱ्यावर टाकला नाही.

परंतु या प्रश्नाच्या मुळाशी जातो तो महाभारताच्या शांतिपर्वातील तुलाधार. जाजली नावाचा तपस्वी आपल्या तपाच्या अभिमानात असताना त्याला वाराणसीच्या एका वाण्याकडे धर्म शिकण्यासाठी जावे लागते. तुलाधार रस आणि गंध विकतो. त्याची थोरवी एवढीच की त्याची तराजू सर्वांसाठी सारखी आहे, आणि जो सर्वांचा नित्य सुहृद असतो त्यालाच धर्म कळतो, असे तो सांगतो. कथाकाराने हा उपदेश ऋषीच्या नव्हे, दुकानदाराच्या तोंडी घातला आहे. कारण 'आपला' आणि 'परका' हा भेद रोज पारड्यात पडतो तो दुकानातच.

मग विक्रेत्याने सर्वच सांगावे काय? मला तसे वाटत नाही. आपण गाडी किती रुपयांना घेतली हे सांगणे त्याच्यावर बंधनकारक नाही. दारावरचा ओरखडा घेणाऱ्याला दिसतो. तो दाखविला नाही म्हणून कोणी अधर्मी ठरत नाही. परंतु जे फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक आहे, आणि जे कळले असते तर घेणाऱ्याने गाडी घेतली नसती किंवा त्या दराने घेतली नसती, ते सांगितलेच पाहिजे. आणि ज्यात कोणाच्या जिवाचा प्रश्न आहे, तेथे तर विचारण्याची वाटही पाहू नये. ही रेषा ओळखण्याला कायद्याचे पुस्तक लागत नाही. 'हाच माणूस देवस्थानातला असता तर मी काय केले असते?' एवढे मनाशी विचारले म्हणजे पुरे.

हे सर्व मी स्नेह्यांना काहीशा वकिली आवेशात ऐकविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, तीन वर्षांपूर्वी तुम्ही मला तुमची गाडी दिलीत. तिचा क्लच गेलेला होता. तुम्हांला ठाऊक नव्हते?" मला ठाऊक होते. व्यापारी आहेत, पाहून घेतील, असे मी तेव्हा मनाशी म्हटले होते. विकणाऱ्याच्या खुर्चीत बसलो की आपण सारेच डायोजिनीसचे शिष्य होतो. घेणारा म्हणून संतापणारा मनुष्यच बहुधा जुनी गाडी देताना गप्प बसतो, आणि मग बाजारात खरे कोणी बोलत नाही म्हणून तक्रार करतो. बाजार बाजार म्हणतात तो आपल्या सर्वांच्या मौनांचीच बेरीज असतो.

नोटिशीला उत्तर गेले नाही. स्नेही त्या शेतकऱ्यांच्या घरी गेले, गाडी परत आणली आणि पैसे परत केले. त्यांना झालेली तूट लहान नव्हती. त्यानंतर त्यांच्याकडील प्रत्येक गाडीच्या काचेमागे त्यांना ठाऊक असलेले दोष मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत लिहिलेली एक चिठ्ठी असते. त्यामुळे धंदा भरभराटीला आला असे मी लिहिले तर तेही एक प्रकारचे लपविणेच होईल. काही गिऱ्हाइके चिठ्ठी वाचतात आणि जेथे चिठ्ठी नाही अशा पुढच्या दुकानात जातात. तरी ते चिठ्ठ्या लिहितात.

मी त्यांना त्या क्लचचा खर्च देऊ केला. ते नको म्हणतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी तो मोजून घेतला आणि पावती दिली.