शंकासमाधान : वचनाचा भार कुणावर?

प्रश्न : मोहाच्या दिवसांत आम्ही पहाटे फुलं वेचायला जंगलात जातो. निघताना स्तोत्र ९१ म्हणतो. आमच्या मंडळीतले एक वडील म्हणतात, ज्याचा वचनावर विश्वास आहे त्याला वनविभागाच्या सूचनांची काय गरज? पण शेजारच्या गावातला एक विश्वासी भाऊ वाघाच्या हल्ल्यात गेला. तोही हेच स्तोत्र म्हणायचा. लोक म्हणाले, त्याचा विश्वास कमी पडला. तेव्हापासून माझी जीभ अडखळते. (एक बंधू, सिंदेवाही तालुका)

उत्तर : भाऊ, स्तोत्र सोडू नका. पण नव्या करारात हे स्तोत्र कुणाच्या तोंडी येतं ते आधी बघा. मत्तय ४ मध्ये सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो, खाली उडी टाक म्हणतो आणि पुरावा म्हणून याच स्तोत्राच्या अकराव्या-बाराव्या ओव्या पुढे करतो. देवदूत तुला झेलतील, असा त्याचा दावा. वचन खरंच होतं, त्याचा वापर खोटा होता. येशू त्या वचनाला नाकारत नाही. तो अनुवाद ६:१६ आठवतो : देवाची परीक्षा पाहायची नाही. अकराव्या ओवीत देव तुला तुझ्या सर्व मार्गांत राखतो असंही म्हटलेलं आहे, आणि मत्तयात सैतानाच्या तोंडी नेमका तोच भाग येत नाही. शिखरावरून उडी हा कुणाचाच मार्ग नव्हता. पोटासाठी मोह वेचायला जाणं हा तुमचा मार्ग आहे. अंधारात एकट्याने जाणं ही उडी आहे.

मोहाची फुलं रात्री आणि पहाटे गळतात. ती खायला चितळं आणि अस्वलं येतात, त्यांच्यामागे वाघ येतो. त्यात आपण वाकून, खाली मान घालून वेचत असतो, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं जंगलात काम करणारे लोक सांगत आले आहेत. म्हणून उजाडल्यावर जा, चार-पाच जणांनी मिळून जा, एकाने उभं राहून आजूबाजूला नजर ठेवावी, मोठ्याने बोलत राहा. यात अविश्वास कुठे आला? नहेम्या ४:९ काढा. यरुशलेमेचा कोट बांधणाऱ्यांवर शत्रू चालून येणार होते. त्यांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. एकाच ओवीत दोन्ही आहे.

आता गेलेल्या भावाबद्दल. त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणणाऱ्यांनी लूक १३ वाचल्याशिवाय त्या घरी पाऊल टाकू नये. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हा ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक दोषी होती असं समजू नका, हे येशूने स्वतः स्पष्ट सांगितलं. ज्या बाईचा नवरा गेला तिला वचनाच्या जोरावर आणखी एक घाव घालणं हे ईयोबाच्या मित्रांचं काम आहे, आणि त्या मित्रांवर देवाचा राग भडकला होता. तिच्या घरी तांदूळ घेऊन जा. नुकसानभरपाईचे कागद भरायला तिच्यासोबत वनविभागाच्या कार्यालयात बसा.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला सिकलसेल आहे. एका प्रार्थना सभेत तिच्यावर हात ठेवले गेले आणि ती बरी झाली असं जाहीर झालं. आता गोळ्या दिल्या तर साक्ष खोटी पडेल असं सांगतात. याकोब ५:१४-१५ दाखवतात. मी महिनाभर गोळ्या बंद ठेवल्या आहेत. (एक भगिनी, कुरखेडा तालुका)

उत्तर : ताई, आधी मुलीला घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गोळ्या पुन्हा सुरू करा. पुढचं परत आल्यावर वाचा.

याकोब काय सांगतो? आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. औषध बंद करा असं त्या पत्रात कुठेही नाही. तेल तर त्या काळी जखमेवर घालायचंच औषध होतं. लूक १० मधला शोमरोनी वाटेवर पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, मग पट्ट्या बांधतो. २ राजे २० मध्ये तर याहून स्पष्ट गोष्ट आहे. हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता. देवाने यशयामार्फत त्याला बरं करण्याचं वचन दिलं, पंधरा वर्षांचं आयुष्य वाढवून दिलं. त्यानंतर यशयाने काय केलं? अंजिरांचा लेप करवून फोडावर लावायला सांगितला. वचन मिळाल्यानंतरही लेप लागलाच.

आणि बरं झाल्याची खात्री करण्याला येशू कधी घाबरला नाही. कुष्ठरोगी शुद्ध झाला तेव्हा त्याने त्याला याजकाकडे पाठवलं, कारण तपासून सांगण्याचं काम त्या काळी याजकाचं होतं (मार्क १:४४). आज ते काम रक्ततपासणीचं आहे. मुलीची तपासणी पुन्हा करून घ्या आणि अहवाल जो येईल तो स्वीकारा. सिकलसेल आई-वडील दोघांच्या रक्तातून येतो. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल पीडित असण्याची शक्यता चारात एक असते. यात कुणाचं पाप नाही, तुमचंही नाही. तिला भरपूर पाणी पाजा, उन्हातान्हात आणि थंडीत जपा, ताप आला तर एक दिवसही थांबू नका. तुमच्या मंडळीतल्या लग्नाळू मुलामुलींनी लग्न ठरण्याआधी तपासणी करावी, हे पाळकांनी व्यासपीठावरून सांगायला हवं.

साक्ष देणारा माणूस सभा संपली की आपल्या गावी जातो. दुखण्याने रात्रभर तळमळणारं लेकरू तुमच्या मांडीवर असतं. ज्या वचनाचा सगळा भार दुसऱ्याच्या लेकरावर पडतो, ते उच्चारताना आपली जीभ थरथरायला हवी.

प्रश्न : तेंदूपत्त्याच्या हंगामात रविवारी पानं तोडायला जावं का? (एटापल्ली तालुका)

उत्तर : जा. मे महिन्यातले मोजके दिवस हंगाम चालतो, पाऊस पडला की पान गेलं, आणि अनेक घरांना वर्षात रोख पैसा एवढाच दिसतो. शिष्यांनी शब्बाथाला शेतातली कणसं मोडली तेव्हा येशू भुकेल्यांच्या बाजूने उभा राहिला (मार्क २:२३-२८). उपासना संध्याकाळी ठेवा. मात्र सत्तर पानांचा पुडा सत्तर पानांचाच बांधा, मध्ये फाटकी पानं दडपू नका. लेवीय १९:३५-३६ खऱ्या मापाबद्दल आहे. आपल्यातला कुणी पानं जमा होतात त्या फळीवर मुनशी असेल तर त्याने मजुराचा पुडा विनाकारण बाद करू नये, त्याच्यासाठी याकोब ५:४ आहे.

प्रश्न : आमच्या गावात पंडुम, म्हणजे नव्या फळाची पूजा, झाल्याशिवाय नवा आंबा कुणी खात नाही. मी ख्रिस्ती आहे. माझ्या तरुण मुलाने आपण मोकळे आहोत हे दाखवायला पंडुमच्या आधीच सगळ्यांसमोर आंबा खाल्ला. गावात तंटा झाला. मुलगा १ करिंथ ८ आणि १० दाखवतो, मूर्ती काहीच नाही म्हणतो. (भामरागड तालुका)

उत्तर : मुलाने अध्याय उघडले ते बरं झालं. आता ते त्याने शेवटपर्यंत वाचावेत. मूर्ती काहीच नाही हे पौल ८:४ मध्ये म्हणतो, आणि पाचच ओव्यांनंतर बजावतो की तुमची ही मोकळीक दुसऱ्याला ठेच लावणारी होऊ नये. दहाव्या अध्यायाच्या शेवटी तर यहूदी, हेल्लेणी आणि मंडळी या तिघांनाही अडखळण होऊ नका म्हणतो. म्हणजे मंडळीबाहेरच्या शेजाऱ्याचाही त्याला विचार आहे.

करिंथातला प्रश्न नैवेद्य दाखवून झालेल्या मांसाचा होता. तुमच्यापुढचा प्रश्न उलटा आहे : नैवेद्य व्हायच्या आधीच्या फळाचा. पंडुमपर्यंत थांबणं म्हणजे पूजा करणं नव्हे. तुमच्याकडून गाव फक्त थांबण्याची अपेक्षा ठेवतं. आणि मुलाला ही चाल रानटी वाटत असेल तर त्याच्या हातात लेवीय २३:१४ द्या. पहिली पेंढी परमेश्वरापुढे आणल्याशिवाय इस्राएलांनी नव्या धान्याची भाकर खायची नाही, हुरडाही नाही आणि हिरवी कणसंही नाहीत, असा त्यांना नियम होता. पहिलं फळ आपलं नाही, देणाऱ्याचं आहे, हे मोशेच्या नियमात आहे आणि तुमच्या आजोबांच्या पंडुममध्येही आहे. देणारा कोण, याबद्दल तुमचं आणि गावाचं उत्तर वेगळं आहे. ते उत्तर तुमच्या वागण्यातून दिसू द्या. त्यासाठी आंबा लागत नाही.

पूजेत हात घालायला सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा, गायत्याजवळ, म्हणजे गावच्या पुजाऱ्याजवळ, आधी एकट्याने जाऊन म्हणा, सगळ्यांसमोर नको. वर्गणीत पूजेचा भाग वेगळा काढता येत असेल तर जेवणाचा, विहिरीचा, रस्त्याचा वाटा दुप्पट द्या. आणि इतरांच्या बळजबरीत एखाद्याची मान वाकली तर त्याला मंडळीतून हाकलू नका. अरामी सेनापती नामान नव्याने विश्वासात आला होता, पण राजाच्या हाताला हात देऊन रिम्मोनाच्या देवळात वाकणं त्याच्या नोकरीत होतं. त्याने क्षमा मागितली. अलीशाने त्याला शांतीने जा म्हटलं (२ राजे ५:१८-१९). एवढी मोकळीक संदेष्टा देतो, तर आपण कोण? मुलाने मात्र गायत्याकडे जाऊन चूक झाली म्हणावं. तुम्हीही सोबत जा.

प्रश्न : वनहक्काची ग्रामसभा आहे. माझे पती म्हणतात, स्त्रियांनी सभेत गप्प राहावं असं पौल म्हणतो, तू घरी राहा. (एक भगिनी, धानोरा तालुका)

उत्तर : १ करिंथ १४:३४ मंडळीच्या उपासनेबद्दल आहे, गावाच्या सभेबद्दल नाही. त्याच पत्रात ११:५ मध्ये स्त्रिया उपासनेत प्रार्थना करतात, संदेश देतात, आणि पौल त्यांना थांबवत नाही. दबोरा झाडाखाली बसून इस्राएलांचे तंटे सोडवायची (शास्ते ४:४-५). पण तुमच्या प्रसंगाला सर्वांत जवळचा अध्याय गणना २७ आहे. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, याजक आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि वडिलांच्या जमिनीत वाटा मागितला. मोशेने गोष्ट देवापुढे नेली. देवाने सांगितलं, मुलींचं म्हणणं बरोबर आहे. जमिनीसाठी भर सभेत बोललेल्या बायकांना देवानेच न्याय दिला.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहित माणसाचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो, आणि २०१२ च्या सुधारित नियमांनुसार अशा ग्रामसभेत हजर सभासदांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात. तुमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय होतात. अर्धं गाव घरी बसलं तर सर्वसहमती कशी व्हायची?

तुमच्या पतींना हेही सांगा की हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणण्याचं काम एका बाईने केलं आहे. पंडिता रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, त्यांचं भाषांतर १९२४ मध्ये छापून निघालं. त्या गप्प बसल्या असत्या तर केवढं काम राहून गेलं असतं.

आज रात्री दोघांनी मिळून गणना २७ वाचा. इफिस ५:२१ पासूनही वाचा, बावीसपासून नको. सभेला दोघं जा. पट्ट्यावर तुमचं नाव आहे का ते आधी पाहून ठेवा, आणि नसेल तर त्याच सभेत वनहक्क समितीपुढे ते तुम्ही स्वतः उभं राहून मांडा.