आधी ऐका, मग वाहवा करा

मस्कतच्या त्या मुलाच्या यमनात तीव्र मध्यम दर वेळी खाली लागत होता. आलापात खाली, गतीत खाली, तिहाई घेताना तर पार शुद्ध मध्यमाच्या वाटेला गेलेला. त्याच्या आसपास बासरी वाजवणारं कुणी नाही, म्हणून त्यानं आपलं वाजवणं तुमच्या बासरीच्या ग्रुपवर ठेवलं. त्यावर तुम्ही काय लिहिलंत? अप्रतिम. अंगावर काटा आला. साक्षात मुरलीधर. जोडलेल्या हातांची आणि फुलांची रांग लागली. लिहिणाऱ्यांत वीस-वीस वर्षं बासरी वाजवणारी माणसं होती. तुम्हाला तो मध्यम ऐकू आला नाही, की ऐकू येऊनही गप्प राहिलात? ऐकू आला नसेल तर वाजवणं बाजूला ठेवून आधी कान तयार करा. ऐकू येऊन गप्प राहिला असाल तर तुम्ही त्या मुलाला फसवलंत. आता तो तसाच वाजवत राहील, ओठांना तीच सवय लागेल, आणि दोन वर्षांनी कुणी अडवलं की म्हणेल, इतक्या जाणत्या लोकांना तर आवडलं होतं.

बासरीवर यमन सोपा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तीन छिद्रं बंद करून षड्ज, दोन बंद ठेवून ऋषभ, एक बंद ठेवून गंधार, तेच छिद्र अर्धं दाबून शुद्ध मध्यम. तीव्र मध्यमाला सगळी छिद्रं मोकळी. तिथे बोटाचा आधारच उरत नाही. स्वर उभा राहतो तो ओठांवर आणि फुंकेवर. आणि लगेच पुढचा पंचम सहाही छिद्रं एकदम बंद करून घ्यायचा. एक बोट उशिरा पडलं की मध्ये भलताच आवाज निघतो. पन्नालाल घोषांनी लांब बासरी मैफिलीत आणली आणि तिला सातवं छिद्र पाडलं, ते तीव्र मध्यमाची सोय व्हावी म्हणूनच. एवढ्या मोठ्या कलावंताला जिथे वाद्याची घडण बदलावी लागली, तिथे एका हौशी मुलाचा स्वर उतरला यात त्याला कमीपणा कसला? त्याला इतकंच सांगायचं होतं: मध्यम उतरतोय, मुखरंध्र ओठाखाली जास्त झाकलं जातंय, बासरी किंचित बाहेर वळव, आणि आठवडाभर गंधारावरून मध्यमावर सावकाश मींड घेत जा. एवढं लिहायला दोन मिनिटं लागली नसती.

तुमच्या हाती काय आलंय याची तुम्हाला जाणीव नाही, आणि मला राग येतो तो त्याचा. आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. त्यानंतर कित्येक वर्षं चिपळूणला, उदगीरला, बेळगावजवळच्या एखाद्या खेड्यात एकट्यानं बासरी वाजवणाऱ्याला रेडिओ हाच गुरू होता. ऐकलेलं पुन्हा ऐकण्याची सोय नव्हती. जे डोक्यात राहिलं ते दुसऱ्या दिवशी बोटांवर आणून बघायचं. गावात शिकवणारा मिळाला तर तो पेटीचा नाहीतर तबल्याचा. थोरांची बासरी त्या माणसापर्यंत पोहोचत होती, पण त्याची बासरी कुणापर्यंतच पोहोचत नव्हती. आयुष्यभर चुकीची फुंक घेऊन वाजवत राहिलेली अशी माणसं मी पाहिली आहेत. त्यांची मेहनत तुमच्याहून कमी नव्हती. त्यांना फक्त ऐकणारा मिळाला नाही. तुम्हाला तो मिळाला आहे. सांगलीच्या निवृत्त गुरुजींचा भूप न्यू जर्सीतल्या बाई त्याच दिवशी ऐकू शकतात, त्या बाईंच्या फुंकेतली हवा कुठे वाया जाते ते बडोद्यातला माणूस सांगू शकतो. असा ऐकणारा लाभल्यावर तुम्ही त्याच्याकडून मागता काय, तर शाबासकी.

तुमच्यातल्या एकानं खरं बोलायचं धाडस केलं म्हणावं, तर त्यानं गेल्या महिन्यात एका नवशिक्या बाईंना बासरी विकून टाकायला सांगितलं. गृहस्था, याला स्पष्टवक्तेपणा म्हणत नाहीत. कोणता स्वर, कुठे, कशामुळे आणि त्यावर उपाय काय, हे चारही सांगता येत असेल तर बोल. नुसतं "बेसूर आहे" एवढंच सांगता येत असेल तर तुझ्याही कानाला अजून काम आहे. त्या बाईंनी त्या दिवसापासून काही वाजवून पाठवलेलं नाही. त्यांची माफी माग, आणि ती सगळ्यांसमोर माग.

आता वाजवणाऱ्यांकडे येतो. तुम्ही पाठवता त्यात तानपुरा का नसतो? फोनमध्ये तानपुऱ्याचं अ‍ॅप घालायला काय कष्ट पडतात? षड्ज कुठे आहे हेच ऐकणाऱ्याला कळलं नाही तर तुमचा धैवत बरोबर की कणसूर, हे त्यानं कशावरून ठरवायचं? दुसरं, तो घुमारा. वाजवून झालं की तुम्ही त्यावर देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमारा चढवता. त्यात तुटलेला श्वास बुजतो, उशिरा पडलेलं बोट बुजतं, आणि तुम्हाला वाटतं बासरी गोड झाली. ज्याला सुधारायचं आहे त्यानं आवाज आहे तसा कोरडा पाठवावा. आणि ते "सरगम पाठवा ना" बंद करा. गाणं तुम्हाला लहानपणापासून पाठ आहे, ते गुणगुणता येतं, आणि त्याचे स्वर मात्र दुसऱ्यानं लिहून द्यायचे! लिहिलेलं वाचून बोटं हलवलीत तर कान कधी कामाला लागणार? एक ओळ स्वतः शोधा. चुकली तरी चालेल. ती वाजवून पाठवा आणि कुठे चुकलं ते विचारा.

गुरुपौर्णिमेला पुणे, बंगळुरू आणि न्यू जर्सी यांनी व्हिडिओ कॉलवर एकत्र भूप वाजवायचा घाट घातला, तो विस्कटला, आणि मग लय कुणी पाडली यावर दोन दिवस भांडण चाललं. भांडण्याआधी थोडा हिशोब केला असता तर? पुण्यापासून न्यू जर्सी साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी नाकासमोर टाकलेली असली तरी एका बाजूचा प्रवास ६० मिलिसेकंदांच्या वर. फोन आवाज आक्रसून पाठवतो, पलीकडचा तो पुन्हा उलगडतो, त्यात आणखी वेळ जातो, आणि सगळं मिळून २०० मिलिसेकंद सहज होतात. समोरासमोर बसून वाजवणाऱ्यांना ३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर कसाबसा निभावता येतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते, म्हणजे तुम्ही एकमेकांपासून जवळजवळ अर्धी मात्रा लांब होता. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबत गेला आणि लय पडत गेली. यात दोष कुणाचाच नव्हता. कॉलवर एकानं वाजवावं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून त्याच्यामागे वाजवावं. सगळ्यांचं वाजवणं एकत्र हवंच असेल तर एकच तानपुरा आणि एकच ठेका कानाला लावून ज्यानं त्यानं आपापल्या घरी रेकॉर्ड करावं आणि नंतर ते जोडावं.

कॉलबद्दल आणखी एक. ही व्यवस्था माणसाच्या बोलण्यासाठी केलेली आहे. सलग एकसारखा चालणारा आवाज तिला पंख्याची घरघर वाटते आणि ती तो कापते. तुमचा लांबवलेला षड्ज मध्येच नाहीसा होतो तो त्यामुळे. झूमवर "ओरिजिनल साउंड" चालू करा. फोन मुखरंध्रासमोर धरू नका, बाजूला हातभर लांब ठेवा, नाहीतर स्वराऐवजी वारा ऐकू येतो. हे तुम्हाला अनेकदा सांगून झालं आहे. तरीही दर रविवारी पहिली वीस मिनिटं "आवाज येतोय का" यातच जातात. परदेशातली माणसं त्यासाठी पहाटे उठून बसलेली असतात, निदान त्यांच्या झोपेचा तरी मान ठेवा.

टोरांटोच्या सभासदाचं मात्र मला वाईट वाटलं. नागपूरच्या एकानं त्याला बासरी उतरलेली आहे, टाकून दे, असं सांगितलं, आणि त्यानं बिचाऱ्यानं भारतातून दुसरी मागवली. अहो, बासरी म्हणजे आतल्या हवेचा खांब. हवा तापली की बासरी चढते, गारठली की उतरते. १० अंशांच्या फरकानं स्वर जवळजवळ एका श्रुतीइतका सरकू शकतो. नागपूरच्या हवेत बसून टोरांटोच्या जानेवारीतल्या बासरीचा निकाल देता येत नाही. त्याला सांगायला हवं होतं की वाजवण्याआधी आत ऊब भर, खोली गरम कर, मग तानपुऱ्याशी लावून बघ. आणि तिकडे हिवाळ्यात घरं तापवून हवा कोरडी होते, बांबू तडकतो, म्हणून बासरीला तेल लाव आणि ती बंद नळीत ठेव, हेही. पीलीभीतच्या कारागिरानं आसामच्या बांबूची चांगली बासरी करून दिली तरी ती सांभाळायची कशी, हे ज्याच्या त्याच्या गावच्या हवेप्रमाणे ठरतं. इतक्या ठिकाणची माणसं एकत्र असण्याचा उपयोग इथे होता, आणि तुम्ही एका चांगल्या बासरीला नालायक ठरवून मोकळे झालात.

हरिप्रसाद चौरसिया अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले तेव्हा आकाशवाणीत काम केलेले आणि सिनेसंगीतात नाव झालेले वादक होते. त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि त्यासाठी बासरी धरण्याची बाजूसुद्धा बदलली. उजवीकडून डावीकडे. चालत्या हातातलं वाद्य असं उलटं करायचं म्हणजे काय, हे बासरी धरणाऱ्या कुणालाही कळेल. तुम्हाला मध्यम उतरल्याचं एक वाक्य सोसत नाही, आणि दुसऱ्याला ते सांगायची हिंमतही होत नाही.

म्हणून पुढचा महिनाभर ग्रुपवर गाणी नकोत, राग नकोत, फुलं तर अजिबात नकोत. तुमच्या जोड्या मी लावून देतो, एक इथला आणि एक लांबचा. रोज सहाही छिद्रं बंद करून मंद्र पंचम, तिथून एकेक बोट उचलत मध्य षड्जापर्यंत, प्रत्येक स्वर एका श्वासात, तानपुऱ्यासह, घुमाऱ्याशिवाय. जोडीदाराला पाठवायचं आणि त्यानं त्याच दिवशी कोणता स्वर हलला ते लेखी कळवायचं. वाजवणं दहा मिनिटांचं, ऐकणंही दहा मिनिटांचं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी आजच तसं सांगा, म्हणजे त्यांचा जोडीदार उत्तराची वाट पाहत बसणार नाही.